पाटदाम आणि पंचनामे

पेशवाईतलं प्रेम म्हटलं की मराठी वाचकाला दोनच गावं आठवतात. पाबळ आणि थेऊर. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला गेले, पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. या दोन तारखांच्या मध्ये बत्तीस वर्षं आहेत. त्या बत्तीस वर्षांत महाराष्ट्रात कुणी कुणावर जीव लावलाच नाही, असं काही नसणार. पण आपल्याकडे प्रेमाचा पुरावा म्हणून एकतर कबर लागते नाहीतर चिता. बाई जिवंत राहिली, चार पोरं झाली, गुडघे दुखायला लागले, की तो संसार. आणि संसारावर कसली आलीय ऐतिहासिक प्रणयकथा!

मला हा हिशेब पहिल्यापासून मान्य नाही. मी ज्यांच्यावर लिहिते ती माणसं मरत नाहीत. म्हणजे म्हातारी होऊन यथावकाश मरत असतील, पण प्रेमापायी नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना सरपण आणायचं असतं.

मी तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे. राहते वाईत, नोकरी शेजारच्या तालुक्यात, जाणं-येणं एसटीनं. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मुलगी बारावीला, आणि घरात सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो. एवढ्यात मी दिवाळी अंकांतून कथा लिहिल्या, एक कादंबरी छापून आली, आणि आता दुसरी चालू आहे. 'चालू आहे' हा आमच्या खात्यातला शेरा. कार्यवाही चालू आहे म्हणजे फाईल कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही. कादंबरीचं अगदी तसंच नाही. ती फोनमध्ये आहे, एका वहीत आहे, आणि काही भाग रद्द झालेल्या छापील नमुन्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आहे.

लोक विचारतात, वेळ कसा मिळतो? मिळत नाही. मी तो कुणाचा तरी घेते, आणि कुणाचा घेते हे मला पक्कं माहीत असतं. सकाळी एसटीतली पाऊण तासाची बैठक माझी स्वतःची. बाकी सगळी उसनवारी. रात्री नऊनंतर मी वही उघडते तेव्हा ओटा आवरायचा राहिलेला असतो, आणि तो आत्या आवरतात. त्यांचं वय बहात्तर आहे. 'नोकरी, घर आणि लेखन यांचा समतोल' असा विषय देऊन मला एकदा महिलादिनाच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. मी तिथं सांगितलं की समतोल वगैरे काही नाही, माझ्या सासूबाई भांडी घासतात. टाळ्या पडल्या. विनोद समजून पडल्या असाव्यात.

हरि नारायण आपट्यांना कुणी विचारलं असेल का, हरिभाऊ, वेळ कसा काढता म्हणून? ते पुण्यात आनंदाश्रमाचा कारभार बघत, नगरपालिकेत काम करत, आणि १८९० पासून 'करमणूक' हे साप्ताहिक चालवत. त्यांच्या कादंबऱ्या त्यातूनच हप्त्याहप्त्यानं छापल्या जायच्या, आणि त्यातल्या काही अर्ध्यावरच राहिल्या. अर्धवट राहिलेल्या कादंबऱ्यांचा मला विशेष आधार वाटतो. एवढ्या मोठ्या माणसाच्या राहिल्या, तर आपली एखाद्या निवडणुकीत वाहून गेली म्हणून काय झालं. आज प्रतिलिपी या अॅपवर रोज एक भाग टाकणाऱ्या बाया आहेत, त्यातल्या कितीतरी घर सांभाळून, नोकरी सांभाळून लिहितात, आणि 'पुढचा भाग कधी?' हे त्यांना दिवसातून शंभरदा ऐकावं लागतं. मराठीत कादंबरी हप्त्यानं लिहायची सवय जुनीच आहे, फक्त छापखान्याच्या जागी फोन आला. माझ्याच्यानं मात्र तो वेग झेपत नाही.

वेग न झेपण्याचं अर्धं कारण आमचं महसुली वर्ष. ते १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. मार्चअखेर वसुलीचं उद्दिष्ट, उन्हाळ्यात टंचाई, जूनमध्ये दाखल्यांसाठी पोरांची झुंबड, पावसाळ्यात अतिवृष्टीचे पंचनामे, मध्येच कुठलीतरी निवडणूक. दिवाळी अंकांचे संपादक कथा मागतात जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे नेमकं लोकांची सोयाबीन पाण्याखाली असते तेव्हा. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेच्या दाखल्यांसाठी कचेरीबाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. त्या वर्षी माझी कथा कुठल्याच अंकात नव्हती आणि त्याचं मला वाईट वाटायलाही सवड मिळाली नाही.

पण या नोकरीनं मला कादंबरीचा विषय दिला. तो असा.

पेशवाईतल्या महसुलाच्या बाबी वाचत होते. वाचण्याचं निमित्त मोडी. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवतं, त्यातून मी शिकले. मोडी वाचणं म्हणजे आधी ओळ वाचायची आणि मग तिच्यात शब्द कुठं तुटतात ते शोधायचं. कारकून आधी पानभर आडवी रेघ मारून घेतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत जातो. विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तर त्या बाबींत, मोहतर्फा, जकात, अमकी पट्टी, तमकी पट्टी, यांच्यात एक बाब दिसली, पाटदाम. विधवेनं पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं, तर सरकारात भरायची रक्कम. ब्राह्मणांत विधवेला दुसरं लग्न नव्हतंच. पण कुणबी-मराठ्यांत आणि इतर कितीतरी जातींत पाट लागायचा. तो लागायचा रात्री, गाजावाजा न करता. सवाष्णी त्याला जायच्या नाहीत. ज्या लग्नाला गावच्या बायका यायला तयार नव्हत्या, त्या लग्नावर सरकारचा कर मात्र होता.

मी वसुलीच्या टेबलावर काम केलेलं आहे. रकाना दिसला की मला त्याच्यामागची माणसं दिसतात. पाटदाम जमा झाला म्हणजे कुणीतरी दोघांनी तो भरला. कुठून आणला? कुणाकडून उसना घेतला? एवढे पैसे देऊनही करावंसं वाटलं, असं ते लग्न होतं तरी कसलं? काही ठिकाणी व्यवहार असेल, काही ठिकाणी पोट. पण सगळ्याच ठिकाणी? पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. त्यातले निवडक इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पंचेचाळीस खंडांत छापले. मोहिमा आहेत, कर्जं आहेत, तह आहेत, भाऊबंदकी आहे. सामान्य माणसानं सामान्य बाईवर केलेल्या प्रेमाची नोंद असलीच, तर ती या पाटदामाच्या रकान्यात आहे, असं माझ्या मनानं घेतलं.

मग पानिपत. १४ जानेवारी १७६१. आपण पानिपत वाचतो ते मोहरांचं. विश्वासराव, भाऊसाहेब, जनकोजी, इब्राहिमखान. पण शिलेदार होते, बारगीर होते, खिजमतगार होते, बाजारबुणगे होते, त्यांच्या गावोगाव बायका होत्या. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. हजिरी घेताना घोड्याचा रंग, खुणा, किंमत टिपून ठेवत. म्हणजे घोडा मेला तर कागद होता. माणूस परत आला नाही तर काय? मेला म्हणावं तर प्रेत नाही. कैदेत असेल, जाटांच्या मुलखात कुठं असेल, गोसावी होऊन फिरत असेल. खुद्द भाऊसाहेबांच्या बाबतीत हेच झालं. पार्वतीबाई फौजेबरोबर होत्या, तिथून जिवंत पुण्याला आल्या, आणि नवरा गेला हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. १७८३ मध्ये वारल्या, तोवर सवाष्णीसारख्या राहिल्या. मध्ये भाऊसाहेबांचा तोतया उगवला. पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवला, तर १७७६ साली किल्लेदारानंच सोडला, आणि कोकणातले किल्ले पटापट त्याच्याकडे गेले. भाऊ आले म्हणून लोकांना खरंच वाटलं. वर्ष संपायच्या आत त्याला पकडून पुण्यात देहांत शासन झालं.

पेशव्यांच्या घरात ही तऱ्हा, तर वाईजवळच्या खेड्यातल्या एका बारगिराच्या बायकोनं काय करायचं?

तिचं नाव मी भिवरा ठेवलं. नवरा खंडू, परतूरहून निघालेल्या फौजेत गेला तो गेलाच. वाईत त्या काळात रास्ते सरदारांची बांधकामं चालली होती. कृष्णेकाठचा ढोल्या गणपती १७६२ चा. तिथं भिवरा चुना-माती वाहायला रोजावर जाते. आणि दगडाच्या गाडीवर सुभाना नावाचा गाडीवान आहे. दोघं एका जातीचे, म्हणजे पाट लागू शकतो. अडचण एकच. पाट विधवेचा लागतो, आणि भिवरा विधवा आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. जातीतले म्हणतात, थांब. किती थांब? कुणी सांगत नाही. त्यातच भाऊसाहेब सापडल्याच्या बातम्या येतात. पेशव्यांचे भाऊ परत येतात, तर खंडू का नाही येणार?

हा पेच मी कल्पनेनं काढला असं मला वाटत होतं. मग माझी बदली संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर झाली. त्या अर्जात विधवा असतात, घटस्फोटिता असतात, परित्यक्ता असतात. एक बाई आली. नवरा कामाला म्हणून गेला होता, फोन बंद, बरीच वर्षं झाली. मृत्यूचा दाखला नाही म्हणून विधवा नाही. त्यानं टाकलंय म्हणावं, तर ती तसं लिहून द्यायला तयार नाही. "टाकलं नाही हो त्यांनी, येनार हायेत," म्हणाली, आणि गळ्यातलं वर काढून दाखवलं. सात वर्षं ठावठिकाणा नसला तर माणूस मृत समजायची तरतूद कायद्यात आहे, कोर्टात जावं लागतं, हे मी तिला सांगितलं. ती उठून उभी राहिली. मी तिच्या नवऱ्याला मारायला निघाले असल्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाली, मला नको तुमचे पैसे. तिला परत बसवायला, पाणी द्यायला, दुसऱ्या कुठल्या योजनेत बसते का बघायला माझा तासभर गेला, मागं रांग कुरकुरत होती. संध्याकाळी एसटीत मी भिवराच्या तोंडचं एक अख्खं भाषण खोडलं. फारच शहाणं भाषण होतं ते. भिवरा आता तिथं काही बोलत नाही, उठून उभी राहते एवढंच.

त्या बाईला हे कधी कळणार नाही. तिच्याकडून मी घेतलं, तिला काही देता आलं नाही, हा हिशेब मिटत नाही. नोकरी लेखनाला खाऊ घालते असं लोक म्हणतात तेव्हा मला हे आठवतं.

घरातून मिळालेलं मात्र मी उजळ माथ्यानं सांगू शकते, कारण ते देणारीला कळतं आणि ती त्याचा मोबदला वसूल करते. मला भिवरा-सुभानाची रात्रीची गाठ कुठंतरी घडवायची होती. नदीकाठ नको, देऊळ नको, ती ठिकाणं वापरून वापरून बोथट झालीत. एकदा दिवे गेले होते आणि काडेपेटी सापडेना, तेव्हा आत्या बोलून गेल्या की त्यांच्या लहानपणी काडेपेटी जपून वापरायचे, चूल विझली तर शेजारून इस्तू आणायचा. मी तिथंच थबकले. काड्या हिंदुस्थानात आल्या एकोणिसाव्या शतकात. म्हणजे १७६२ मध्ये विस्तव मागायला जाणं हे रोजचं कारण, त्यात कुणाला काही वावगं दिसायचं नाही.

"इस्तू आणायचा कशात?" मी विचारलं.

"कशात म्हंजे? गवरीच्या तुकड्यावर. निखारा ठेवायचा मधी, आन वाऱ्याकडनं हात आडवा धरायचा. पळायचं न्हाई. पळालं की एकतर इजतो न्हाईतर पेट घेतो."

"आणि हात भाजायचा नाही?"

"भाजायचा की. घरी येईस्तोवर गवरी धरत जायाची ना पार बोटापातुर. म्हनून तर लांबच्या घरी जायाचं न्हाई, जवळच्याच घरी जायाचं." मग जराशानं, "आता कुनाला लांबच्याच घरी जायाचं असंल, तर गवरी मोठी घ्यायाची."

त्या रात्री मी एक प्रकरण लिहिलं. भिवरा मोठी गोवरी घेऊन निघते. शेजारणीचं घर ओलांडून, पुढचं ओलांडून, सुभानाच्या आईच्या दारात जाते. म्हातारी निखारा देते, आणि गोवरीचा आकार बघून समजते. सुभाना गोठ्यात बैलांना वैरण टाकतोय, त्याच्याशी दोन वाक्यं होतात, तेवढ्यात गोवरी धुमसायला लागते. यापेक्षा जास्त वेळ त्या दोघांकडे नसतो. पहाटे तिला दळायचं आहे, त्याला गाडी जुंपायची आहे. त्या प्रकरणाचा मोबदला म्हणून आत्यांनी पुढच्या रविवारी मला वर्षाचं तिखट करायला बसवलं. दिवसभर शिंका, एक ओळ लिहिली नाही.

माझ्या कादंबरीतल्या सगळ्या प्रेमाला अशीच वेळेची ओढाताण आहे. ते मी ठरवून केलेलं नाही, मला दुसरं काही माहीतच नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात महालाच्या सज्जात तासन् तास उभी राहणारी नायिका मी वाचलेली आहे, लिहूनही बघितली. पण तिच्या घरी कणीक कोण मळतंय याचीच मला काळजी लागून राहते. त्या काळी वेळ घटकेनं मोजत. तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, आपली चोवीस मिनिटं. माझा एसटीचा प्रवास दोन घटकांहून थोडा कमी, जेवणाची सुट्टी जेमतेम एक. भिवरालाही मी तेवढंच दिलं. एकाही प्रसंगात ती दोघं दोन घटकांपेक्षा जास्त एकत्र नाहीत. माझ्या आधीच्या प्रकाशकांनी वाचून सांगितलं की प्रेमिकांना जरा निवांत भेटू द्या. मी म्हटलं, आधी मला भेटू द्या.

शृंगार लिहिण्याची अडचण वेगळीच. घर दोन खोल्यांचं, भिंती पातळ. नवरा वाचतो, शिक्षकाच्या सवयीनं लाल पेन घेऊन. "तुझी नायिका पदर फार खोचते," असा शेरा एकदा समासात होता. दुसऱ्या एका प्रसंगाखाली लिहिलं होतं, 'हा पंचनामा आहे का?' बघितलं तर खरंच, 'सुभाना भिवराच्या उजव्या बाजूस अंदाजे दोन हातांवर उभा होता' असं वाक्य होतं. पंचनाम्यात समक्ष पाहिलं तेवढंच लिहायचं असतं. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, पीक, नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर की खाली, पंचांच्या सह्या. शेतकरी बांधावर उकिडवा बसून रडत होता, याला रकाना नाही. वर्षानुवर्षं असं लिहिल्यावर हात तसाच वळतो. मी ते वाक्य थोडं बदललं, पण दोन हात अंतर राहू दिलं. मला अजूनही वाटतं की त्या दोन हातांत जे आहे ते जवळ आणून बिघडलं असतं. नवऱ्याला पटलेलं नाही.

एसटीत फोनवर लिहिताना शेजारची बाई डोकावते. एकदा एकीनं 'तिच्या दंडावर त्याचा श्वास' इथपर्यंत वाचलं आणि तिचा थांबा आला. उतरताना माझ्याकडे अशी बघून गेली की मी पुढचे कितीतरी दिवस वाहकाच्या सीटमागं बसले. बोलून टाइप करायची सोय आहे, पण ती भर गाडीत कशी वापरणार! घरी वापरली तर फोन 'नथ' म्हटलं की 'नाथ' लिहितो, आणि नायक नायिकेचा नाथ हळूच सरळ करतो.

परवानगीचं मात्र कुणी समजतात तेवढं अवघड नाही. सरकारी नोकरांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, त्यात निव्वळ साहित्यिक स्वरूपाच्या लेखनाला पूर्वमंजुरी लागत नाही. तरी मी पहिल्या कादंबरीच्या वेळी साहेबांच्या कानावर घातलं. "आपल्या खात्याविषयी काही नाही ना त्यात?" असं त्यांनी विचारलं. आहे, म्हटलं, पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या. ते हसले आणि सावधगिरीनं एक प्रत विकत घेतली.

विकत घेणारे असे मोजकेच. हल्ली पाचशे प्रतींची आवृत्ती काढायलाही प्रकाशक दहादा विचार करतो. मानधनाचं सांगायचं तर पुण्याला संदर्भ बघायला जाण्या-येण्याचं भाडं सुटलं, जेवण स्वतःचं. नोकरी सोडून पूर्णवेळ लिही असा सल्ला मला अजून कुणी दिलेला नाही, आणि दिला तर मी त्याच्याकडे गृहकर्जाचे हप्ते सोपवीन.

ऐतिहासिक लिहिण्यात भीती असते ती निराळी. नामांकित माणसावर लिहायला जावं तर त्याचे वंशज असतात, भाऊबंद असतात, जात असते, आणि प्रत्येकाकडे इतिहासाची स्वतःची प्रत असते. प्रेमकथा म्हटलं की तर लगेच बदनामी. म्हणून माझी माणसं इतिहासात नाव नसलेली. भिवराचे वंशज दावा करायला येणार नाहीत. सोय म्हणून घेतलेल्या या निर्णयाला नंतर वजन आलं, २०२३ च्या शेवटी. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, मोडी वाचणारी माणसं मिळेनात, आणि मला अभिलेख कक्षात बसवलं. कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी. धूळ, झुरळांचा वास, कडा हाताला लागून तुटणारे कागद. आम्हाला हवा होता तो जातीचा रकाना, पण डोळे शेजारच्या रकान्यांवर जायचेच. बाईच्या मृत्यूची नोंद पुष्कळदा अमक्याची बायको, तमक्याची आई. बाळंतीण. ताप. नाव नाही. संध्याकाळी बोटं काळी व्हायची. तेव्हापासून कादंबरीत पाणी भरून जाणारी बाईसुद्धा मी नावाशिवाय सोडत नाही. नवऱ्याच्या मते त्यामुळे वाचकाचा गोंधळ होतो. होऊ दे.

त्या मोहिमेत मुलीच्या दहावीच्या सराव परीक्षा होत्या. मी रात्री साडेनऊला यायचे, जेवायचे, आणि डोक्यात त्या नोंदी घोळत असल्यामुळे लिहायला बसायचे. ती एकदा भूमितीचं पुस्तक माझ्या वहीवर ठेवून म्हणाली, "आई, तुला दोनशे वर्षांपूर्वीच्या बायकांची काळजी आहे." पुढचं ती बोलली नाही, बोलायची गरजही नव्हती. मी वही मिटली आणि भूमिती घेतली. वर्तुळाच्या स्पर्शिकेचं मला काही येत नव्हतं; तिनंच मला शिकवलं, आणि शिकवता शिकवता तिचं पाठ झालं. दुसऱ्या दिवशी मी परत लिहायला बसले. त्या प्रसंगातून काही शहाणपण आलं आणि मी सुधारले, असं सांगायला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. तिचं म्हणणं खरं होतं आणि मला लिहायचं होतं, दोन्ही तसंच राहिलं. आता बारावीत ती स्वतः रात्री जागते, आणि पाण्याची बाटली भरायला उठली की माझीही भरून ठेवते.

सध्या कादंबरी अडली आहे ती शेवटाशी. सात पावसाळे गेले. पाटदामाचे पैसे जमलेत. सुभानानं बैलजोडीतला एक बैल विकला आणि दुसरा पैऱ्यात घातला, म्हणजे शेजाऱ्याच्या बैलाबरोबर जोडी लावून आळीपाळीनं काम. जातीनं हो म्हटलंय. अवसेच्या रात्री पाट लागणार. आणि आदल्या दिवशी गावात एक माणूस येतो, दाढी वाढलेली, एक पाय अधू, आणि म्हणतो, मी खंडू.

खरा की तोतया, हे माझं मलाच ठरलेलं नाही. अशी भांडणं त्या काळी खरोखर व्हायची. परागंदा नवरा परत येऊन बायको मागतो, आणि गोत बसून निवाडा करतं. नवऱ्याचं मत, गोतसभा दाखव, दिव्य दाखव, मोठा प्रसंग होईल. त्याला मोठे प्रसंग आवडतात. मुलीनं विचारलं, "पण भिवराला कुणी विचारलंय का?" तिचा प्रश्न बरोबर आहे, पण १७६८ मध्ये गोत भिवराला विचारणार नाही, आणि मी खोटं लिहिणार नाही. तिला गोताच्या आधी आणि गोताच्या मागं काय करता येईल, एवढ्याच जागेत मला शेवट बसवायचा आहे.

आत्यांना विचारलं. त्या लसूण सोलत होत्या. खरा असला तर भिवरानं काय करावं?

"जेवू घालावं."

"आणि मग?"

"मग काय? सात वर्सं न्हवता, एका जेवनाचा धनी. पोटभर घालावं, पायाला तेल लावावं, आन सांगावं, बाबा, मी आता कामाला जाते."

हे मला इतकं पटलं की मी त्यांच्या हातातला लसूण काढून घेतला. पण कामाला जाते म्हणजे कुठं, घाटावर की सुभानाच्या घरी? ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला ते वाक्य तसंच ठेवायचंय. आता गोतसभेची दोन प्रकरणं काढून टाकायची, जेवणाचं एक घालायचं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, ताटात काय काय होतं ते नीट लिहायचं. आठ-दहा रात्रींचं काम आहे. पण २०२७ ची जनगणना तोंडावर आहे, प्रशिक्षणाच्या तारखा कधीही येतील, आणि एकदा का त्या आल्या की वर्षभर घराघरात माणसं मोजत फिरायचं. तेवढ्यात भिवराला मोकळी करायला हवी.